धुतलेली टाकी

इंद्रभान ज्यांना जंतू म्हणायचा त्यांना सुवर्णामॅडम जिवाणू म्हणायच्या, भाऊरावशेठ ‘मॅडमचा प्रयोग’ म्हणायचे, आणि रंगखान्यातली बाकीची माणसं सरळ ‘इंद्रभानभाऊची घाण’ म्हणून मोकळी व्हायची. त्यांचंही काही चुकत नव्हतं. देऊळगाव राजाहून जालन्याकडे निघालं की डाव्या अंगाला भाऊरावांचा सूत रंगवायचा कारखाना. त्याच्या पार मागच्या टोकाला, संडासाच्याही पलीकडे, झाकण घातलेली सिमेंटची टाकी. झाकण उचललं की सडक्या अंड्याचा वास नाकात घुसायचा. आत दोऱ्यांना बांधून सोडलेल्या वाळक्या गिलक्यांच्या दीडशे जाळ्या, अंग घासायला घेतात त्याच, आणि प्रत्येक जाळीवर बोटभर जाडीचा काळा, बुळबुळीत थर. तो थर म्हणजेच जंतू. बघणाऱ्याला तो मळ वाटायचा.

लाल सुताच्या लडी धुतल्या की निघालेलं पाणी या टाकीत यायचं आणि दीड दिवस मुरायचं. जाताना डाळिंबाच्या रसासारखं, बाहेर पडताना फिकट पिवळं. तिथून ते दुसऱ्या टाकीत जायचं. तिच्यात पंख्यानं हवा सोडलेली, चोवीस तास बुडबुडे. ‘रंग गेला म्हणजे काम झालं असं समजू नका हं, दादा,’ सुवर्णामॅडमनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. ‘पहिल्या टाकीत रंगाचे नुसते तुकडे होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंगापेक्षा वाईट असतात. हवेच्या टाकीतले जिवाणू ते तुकडे खातात, तेव्हा कुठे पाणी माणसात येतं.’ इंद्रभानला हे वाक्य फार आवडलं होतं. पाणी माणसात येतं.

मॅडम जालन्याच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवायच्या. नाल्याच्या वळणावर वीस वर्षं रंगाचं पाणी पिऊन काळा पडलेला गाळ होता. तो त्यांनी बाटल्यांत भरून नेला आणि त्यातून हे जंतू वेगळे काढून वाढवले. भाऊरावांनाही तेव्हा वरून नोटीस आली होती, म्हणून त्यांनी टाकी बांधून दिली. टाकीवर माणूस कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा झाकणाजवळ नाक न धरता उभा राहिलेला एकटा इंद्रभान होता. वीस वर्षं त्यानं रंगाच्या हौदावर काढली होती. कोपरापर्यंतचे हात कधीच आपल्या मूळ रंगावर आले नव्हते.

त्यानं त्या जंतूंना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. सकाळ-संध्याकाळ गुळाचं पाणी. थंडीत टाकीभोवती पोती. गिलकी तर त्यानं घराच्या कुंपणावर स्वतः लावली, वेलावरच वाळू दिली, सोलून बिया झटकून जाळ्या काढल्या. त्याची बायको सिंधू म्हणायची, ‘माह्या कालवनाले एक गिलकं ठेवत नाई हा मानूस.’

एवढा जीव लावायचं कारण होतं खालच्या वस्तीतली विहीर. वस्ती रंगखान्यापासून पाऊण कोसावर, नाल्याच्या काठाला. चाळीसेक घरं, एक विहार, एक विहीर. रंगखाना सुरू झाल्यावर चार-पाच वर्षांत नाल्याचा पाझर त्या विहिरीत उतरला आणि सोळा वर्षं तिचं पाणी लाल राहिलं. निळ्या सुताची ऑर्डर असली की जांभळं व्हायचं. बाया वरच्या गावच्या हापशावर जायच्या, जाऊन-येऊन तीन किलोमीटर, डोक्यावर हंडा आणि हापशावर आधी कोण, नंतर कोण याची कटकट वेगळी. आपण ज्या रंगात हात बुडवून घर चालवतो तो रंग आपल्याच विहिरीत उतरतो, हे इंद्रभानला सोळा वर्षं रोज दिसत होतं आणि तो काही करू शकत नव्हता.

टाकी सुरू झाल्यावर दहाव्या महिन्यात विहीर नितळली. तेव्हा इंद्रभाननं विहिरीच्या कोनाड्यात चिनीमातीची एक पांढरी बशी आणून ठेवली. सकाळी पहिली जी बाई येईल तिनं बशीत पाणी घ्यायचं आणि पाहायचं. बशी पांढरी दिसली तर भरा. जराही लाली दिसली तर हंडा उपडा ठेवा आणि मला हाक मारा. ‘रंग नाई म्हंजे जंतू कामावर हायेत,’ तो सांगायचा. चार वर्षांत वस्तीला त्याची सवयच जडली. बाया एकमेकींना भेटल्या की ‘बशी पाह्यली का?’ हे आधी विचारायच्या आणि बाकीचं नंतर. दुसऱ्या टाकीचं, न दिसणाऱ्या तुकड्यांचं त्यानं कोणाला सांगितलं नाही. कशाला उगाच भीती घालायची, असं त्याला वाटलं. ती त्याची चूक झाली, आणि ती त्याला फार महागात पडली.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. त्या दिवशी रंगखाना बंद ठेवून सगळी यंत्रं धुतात. बॉयलर, सुकवणी, हौद, वजनकाटा, एवढंच काय, शेठची मोटारसायकलसुद्धा. मग झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. इंद्रभान बौद्ध, पूजाअर्चा त्याच्या घरात नाही आणि त्याला ती नकोही होती. तो आपला टाकीच्या कठड्यावर बसून राहायचा. कोणीतरी त्याला कागदावर चिवडा-पेढा आणून द्यायचं. पण हार मात्र दरवर्षी अलीकडच्या पंपापर्यंत येऊन थांबायचा. टाकीवर कधी पडला नाही. वास येतो म्हणून असेल, लांब आहे म्हणून असेल, की टाकी इंद्रभानची आहे म्हणून असेल. कोणी काही बोललं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. नको असलेली गोष्टसुद्धा आपल्यालाच वगळून वाटली गेली की सलते, आणि ते त्याला सलायचं.

जंतूंपायी चार वर्षं तो नागपूरला गेला नव्हता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर अख्खी वस्ती जीप करून जायची आणि हा टाकीवर. यंदा सिंधूनं ऐकलं नाही.

‘बाबासाहेबाच्या भूमीवर जायाले सवड नाई, अन् त्या बुळबुळीले गूळ घालाले हाये?’ ती म्हणाली. ‘तीन दिसानं काई मरत नाईत तुमचे जंतू. कडूबाभाऊले सांगा ना.’

कडूबा हौदावरचा मुकादम. इंद्रभानहून दहा-बारा वर्षांनी लहान, जातीनं-मातीनं वरच्या गावचा शेतकरी, मनाचा स्वच्छ. नाल्याकाठी त्याचं शेडनेट होतं. त्यात बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचा प्लॉट. नाल्याचं पाणी सुधारल्यापासून तो प्लॉट असा काही आला होता की कडूबा इंद्रभानला दिसेल तिथे रामराम घालायचा. त्याला गुळाचं पाणी किती, कधी, सगळं दाखवून इंद्रभान जीपमध्ये बसला.

परतला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. घरी न जाता, खांद्यावरच्या पिशवीसकट सरळ रंगखान्यात आला. मागच्या अंगाला वळला आणि थांबला.

टाकीला चुना दिलेला होता. झाकणावर हळदकुंकवाची बोटं होती, फोडलेला नारळ होता आणि भोवती झेंडूचा हार, बॉयलरवर असायचा त्याच्यापेक्षा जाड. खोटं कशाला बोला, इंद्रभानला बरं वाटलं. तो काही त्या हाराला नमस्कार करणार नव्हता, पण पिशवी खाली ठेवून तो तसाच बघत उभा राहिला.

मग त्याच्या लक्षात आलं की वास येत नाहीये.

त्यानं झाकण उचललं. आत ब्लीचिंग पावडरचा उग्र दर्प कोंडला होता. डोळ्यांतून पाणीच आलं. दीडशेच्या दीडशे जाळ्या पांढऱ्याशुभ्र, ओळीत टांगलेल्या, दुकानातून नुकत्या आणल्यासारख्या.

‘पाह्यलं का भाऊ?’ मागून कडूबा हसत आला. ‘दोन दिस लागले आमाले. पाच जनं होतो. एकेक जाळी दगडावर आपटली, ब्लीचिंगच्या पान्यात भिजवली, अन् ब्रशनं घासली. काय मळ बसला होता तिच्यायला! तुमी एकटे कितीक करान?’

‘अन् पानी?’ इंद्रभानचा आवाज त्यालाच परका वाटला.

‘पानी फेकलं नाई ना! मी काय येडा हाये? जंतू पान्यात असतेत ते मले माहीत हाये. पानी सारं ड्रमात अलग काढून ठेवलं, टाकी घासली, अन् तेच पानी पुन्हा भरलं. एक थेंब सांडू देल्ला नाई. गुळाचं पानी बी दोन टायमाले टाकलं, तुमी सांगतलं तसं.’

इंद्रभाननं एक जाळी उचलून तिच्यावर बोट फिरवलं. बुळबुळ नव्हती.

‘दरसाल हार तुमच्या टाकीपावतर येत नाई, हे मले लय दिसापासून खटकून राह्यलं होतं, भाऊ,’ कडूबा जरा खाली मान घालून म्हणाला. ‘कोनी म्हने तिकडे वास येते, कोनी काय म्हने, कोनी काय. यंदा म्या म्हनलं, माहा प्लॉट ज्या टाकीच्या पान्यावर उभा हाये तिले पयला हार. बॉयलरच्या बी आंधी. कोनी काई बोललं नाई. सारे हात लावू लागले.’

काळा थर म्हणजेच जंतू, हे इंद्रभाननं चार वर्षांत कडूबाला कधी सांगितलं होतं का? त्यानं आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं. कोणी टाकीकडे यायचंच नाही, तर सांगायचं कोणाला? ज्या दिवशी लोकांनी टाकीला आपलं म्हणून हात लावला, त्याच दिवशी ती मेली. याचा राग कोणावर काढायचा हे त्याला कळेना.

‘लय चांगलं केलं, कडूबा,’ तो म्हणाला.

कडूबा गेल्यावर तो टाकीत उतरला. पाइपाच्या वाकणात, झाकणाच्या खालच्या कडेला, जिथे ब्रश पोचला नसेल तिथे बोटांनी चाचपत राहिला. अंगठ्याएवढी बुळबुळ हाताला लागली. ती त्यानं मडक्यात घातली, गूळ घातला, लाल पाणी घातलं आणि मडकं पोत्यात गुंडाळून ठेवलं. तीन दिवस तो दर तासाला झाकणी उचलून बघत होता. तिसऱ्या दिवशी पाणी होतं तेवढंच लाल होतं.

सुवर्णामॅडम आता गुजरातेत एका कंपनीत होत्या. त्यानं फोनवर सगळं सांगितलं.

‘माझ्याकडे नळ्यांमध्ये थोडे जपून ठेवलेत, दादा,’ त्या म्हणाल्या. ‘मी पाठवते. पण जाळ्यांवर पुन्हा थर धरायला दोन महिने लागतील. तोवर भाऊरावांना सांगा, रंगाचं पाणी नाल्यात सोडू नका; साठवायला जागा नसेल तर काम बंद ठेवा. आणि ब्लीचिंगचा एक कणही टाकीत राहता कामा नये.’

दोन महिने. इंद्रभानच्या जिवात जीव आला. दोन महिने काय, तो चार महिनेही राबला असता. आशा माणसाला किती सहज वेडं करते पाहा. तो धावतच शेठकडे गेला.

भाऊराव दुसऱ्या टाकीच्या तोटीशी उभे होते. हातात काचेची बाटली, बाटलीत नाल्यात सोडायचं पाणी. ते त्यांनी उन्हाकडे धरलं होतं.

‘दोन महिने बंद ठेवू?’ त्यांनी शांतपणे विचारलं. ‘दिवाळीच्या तोंडावर? साठ घरांची चूल आहे इथं, इंद्रभान, तुझी धरून. आणि कशासाठी? हे बघ. टाकी धुऊन पाच-सहा दिवस झाले. तुझे जंतू मेले म्हणतोस. मग पाणी कसं साफ आलं?’

‘ते ब्लीचिंगनं, शेठ. पोरांनी जाळ्यांले लय लावलं. ते उतरलं की—’

‘तेच म्हणतोय मी.’ भाऊरावांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्यांना दुष्टही म्हणता येईना. ‘काल मुद्दाम अर्धं पोतं टाकून पाहिलं. तासाभरात लालाचं पांढरं. ना गूळ, ना वास, ना दीड दिवस मुरवणं. तपासायला येणारे साहेबसुद्धा बाटली अशीच धरून बघतात. आम्ही चार वर्षं उगाच तुला त्या घाणीत बसवलं.’

‘रंग जाते, शेठ, पन त्याचे तुकडे राहातेत. अन् ब्लीचिंगनं ते अजून इखारी होतेत. मॅडम सांगत होत्या. दिसत नाईत ते.’

‘कुठं आहेत? दाखव.’

भाऊरावांनी बाटली त्याच्या पुढ्यात धरली. इंद्रभाननं पाहिलं. बाटलीपलीकडचं लिंबाचं झाड पानन् पान दिसत होतं. दाखवायला काहीच नव्हतं.

त्या दिवशी हवेचा पंखा बंद झाला, म्हणजे दुसऱ्या टाकीतले उरलेसुरले जंतूही गेले. दुसऱ्या दिवसापासून इंद्रभानला लडी बांधायच्या खोलीत बसवलं; टाकीवर आता माणूस कशाला? मॅडमची नळ्यांची पेटी आठवड्यानं आली. ती त्यानं घरी फडताळात ठेवून दिली. फोनवर त्यांना त्यानं ‘मिळाली’ एवढंच सांगितलं.

वस्तीला सांगायला तो रविवारी विहारात उभा राहिला. वंदना झाली होती, माणसं उठायच्या बेतात होती.

‘विहिरीचं पानी पिऊ नका,’ तो म्हणाला. ‘जंतू मेले. आता पावडर टाकून रंग उडवतेत. पानी दिसते साफ, पन साफ नाई.’

उठू लागलेले पुन्हा खाली बसले. मग कलाबाई बोलली. वस्तीतली सगळ्यांत वडील बाई, हापशाच्या वाटेनं सोळा वर्षं चालून गुडघे गेलेली.

‘आज सकाळीच म्या बशी पाह्यली, इंद्रभान. काचेवानी पानी हाये.’

‘बशीत दिसत नाई ते, काकू.’

‘तूच म्हने ना बशीत दिसते? चार वर्सं झाली, तूच शिकवलं.’

‘म्या अर्धंच सांगतलं होतं.’

‘मंग आता बाकीचं अर्धं खरं काऊन धरायचं?’ मागून कोणीतरी म्हणालं. आवाजात चेष्टा नव्हती, शंका होती. ‘जंतू मेले कसे, ते तर सांगा.’

इंद्रभान अडखळला. वरच्या गावच्या माणसांनी धुऊन मारले असं त्यानं इथं सांगितलं असतं, तर तासाभरात त्याचा वेगळाच अर्थ निघाला असता. मुद्दाम केलं, आपली विहीर नासवायला केलं. कडूबाच्या दारात चाळीस माणसं उभी राहिली असती. आणि कडूबानं तर हार घातला होता. ‘माह्याच्यानं झालं,’ तो म्हणाला. ‘मी नागपूरले गेलो, अन् मेले.’

सिंधूनं पटकन पदर तोंडाला लावला.

‘ऐकलं का,’ बाहेर पडता पडता एकजण दुसऱ्याला म्हणाला. इंद्रभानला ते स्पष्ट ऐकू आलं. ‘शेठनं टाकीवरून काढलं, त्याचा राग हाये हा. मोठेपन गेलं ना.’

त्यानंतर विहिरीवरून पाणी न भरणारी वस्तीत एकटी सिंधू राहिली. पुन्हा हापशाची वाट, तीन किलोमीटर. तिला बघून बाया हसायच्या नाहीत, पण गप्प व्हायच्या. घरी आली की ती हंडा उतरवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. ‘म्याच पाठवलं तुमाले,’ एवढं एकच वाक्य ती दिवसातून दोनदा-तीनदा म्हणायची.

कार्तिक लागला. नाल्याच्या डोहात मासळी उलटी होऊन तरंगली. कोणी म्हणालं, पाणी आटलं म्हणून. कलाबाईची गाभण शेळी गाभडली. कोणी म्हणालं, धतुरा खाल्ला असेल. प्रत्येक गोष्टीला एक कारण सापडत होतं आणि प्रत्येक कारण खरंही असू शकत होतं. इंद्रभान वहीत नुसत्या तारखा लिहून ठेवायचा. कोणाला दाखवायच्या हे ठरलं नव्हतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कडूबा लडींच्या खोलीत आला. हातात मिरचीचं रोप, मुळासकट उपटलेलं. पानं कडेनं जळून आत वळलेली.

‘साऱ्या प्लॉटचं असं होऊन राह्यलं, भाऊ,’ तो म्हणाला. ‘कंपनीचा मानूस म्हने पान्यात काई हाये. जंतू काय करून राह्यले मंग?’

‘मेले ते, कडूबा.’

‘कवा?’

‘दसऱ्याच्या टायमाले.’

कडूबा रोपाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. माणूस शेतकरी होता. घासणं आणि मरणं यांचा मेळ घालायला त्याला वेळ लागला, पण फार नाही.

‘खरं सांगा,’ तो म्हणाला. ‘आमी टाकी धुतली त्याच्यानं तर नाई?’

इंद्रभाननं त्याच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत या कारखान्यात त्याच्या कामाला आपणहून हात लावलेला हा पहिला माणूस. आता खरं सांगितलं तर जंतू काही परत येणार नव्हते, भाऊराव पंखा लावणार नव्हते, प्लॉटही हिरवा होणार नव्हता. फक्त हा माणूस आयुष्यात पुन्हा कोणाच्या टाकीला हात लावणार नव्हता.

‘नाई रे,’ इंद्रभान म्हणाला. ‘म्हातारे झाले होते. तुमी धुतली त्याच्या आंधीच मरून राह्यले होते. मीच ध्यान देल्लं नाई.’

कडूबानं सुटकेचा श्वास टाकला आणि तो गेला. इंद्रभान लडी बांधत बसला. खोटं बोलून माणूस मोकळा होतो म्हणतात, तसं काही झालं नाही.

मग कलाबाईच्या सुनेची गोष्ट झाली. अश्विनी तिचं नाव, सातवा महिना होता. पोटात दुखायला लागलं म्हणून देऊळगाव राजाला नेली, तिथून जालन्याला. बाळ आधीच गेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, कारण सांगता येत नाही. ते विहिरीच्या पाण्यानं गेलं असं इंद्रभानलाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. नाही असंही सांगता आलं नसतं. चौथ्या दिवशी अश्विनी घरी आली आणि पाचव्या दिवशी सकाळी तिची जाऊ तिच्यासाठी विहिरीवर पाणी भरत होती. बशी पांढरी होती, म्हणून निर्धास्त भरत होती.

इंद्रभाननं ते ओट्यावरून पाहिलं. तो उठला, तिच्याजवळ गेला, हात जोडले. ‘पोरी, हे पानी नको देऊ तिले.’

‘काका,’ ती कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, ‘घरात दुःख हाये. आज तरी नका लावू.’

त्या दिवशी रंगखान्यातून निघताना त्यानं लाल रंगाची पुडी पिशवीत घातली. दोन किलोची, तोंड शिवलेली. पंचवीस वर्षांत त्यानं तिथली सुतळीसुद्धा घरी आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो विहिरीवर गेला. बायांची रांग लागलेली होती. कलाबाई कठड्याला टेकून बसली होती, कोनाड्याजवळ. सिंधू रिकामा हंडा घेऊन हापशाकडे निघाली होती. त्याला पाहून ती वाटेत थांबली. हे काम अंधारात करता आलं असतं, पण मग रंगखान्यातून आला असं समजून लोक चार दिवस भाऊरावांच्या दारात ओरडले असते, भाऊरावांनी आणखी एक पोतं टाकलं असतं आणि पाणी पुन्हा काचेसारखं झालं असतं. कोणी टाकला हे दिसायलाच हवं होतं. तो कठड्यावर चढला, पुडी दातांनी फाडली आणि विहिरीवर उलटी केली.

भुकटी पाण्यावर पडली, क्षणभर काळी दिसली, मग धाग्याधाग्यानं खाली उतरत गेली. वाऱ्यानं थोडी त्याच्या हातांवर, सदऱ्यावर आली. कोणी ओरडलं. एका बाईनं आत सोडलेली बादली घाईघाईनं ओढली. ती लाल आली.

‘आता दिसते का?’ इंद्रभान म्हणाला. ‘आता तरी पिऊ नका.’

कलाबाई धडपडत उठली. गुडघ्यांवर हात देत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं शिवी दिली असती, मारलं असतं, तर त्याला चाललं असतं.

‘शेठनं नासवलं तवा आमी समजू शकलो, इंद्रभान,’ ती म्हणाली. ‘तो परका हाये. आपल्या मानसानं आपलं पानी नासवलं, हे पाहाले कायले जगली मी?’

त्याच्यापाशी उत्तर होतं. सगळं उत्तर होतं, पहिल्या टाकीपासून शेवटपर्यंत. पण ते बाटलीत धरून दाखवता येण्यासारखं नव्हतं.

बायांनी हंडे उचलले आणि एकामागून एक हापशाच्या वाटेला लागल्या. ती वाट त्याच्या जवळून जात होती. त्याच्या बाजूनं जाताना प्रत्येकीनं पदर आवरून अंग चोरलं, त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. जिची जाऊ घरात निजलेली होती तिनंही. सिंधू सगळ्यांत शेवटी होती. ती त्यांच्यात सामील झाली आणि मान खाली घालून पुढे गेली.

इंद्रभान कठड्यावरून उतरला नाही. पाणी आता काठापासून काठापर्यंत एकसारखं लाल झालं होतं. दोन किलोचा रंग या विहिरीत बारा-पंधरा दिवस टिकेल, पाझरानं हळूहळू उतरेल, हा अंदाज त्याला चांगलाच होता. मग पुन्हा टाकावा लागणार होता.